माझ्या रक्तातले तिकीट तपासनीस

फूर बेट, ९ फेब्रुवारी

लाउस्ट,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र शेगडीत टाकणार, हे मला ठाऊक आहे. टाक खुशाल, पण आधी एवढं वाच. मला तुझ्याकडून काही नको आहे. बातमी दुसऱ्या कुणाच्या तोंडून तुझ्या कानावर जाऊ नये, एवढ्यासाठीच लिहिते आहे. तुझ्या काठापासून माझ्या काठापर्यंत चार मिनिटांचं पाणी, आणि नऊ वर्षांत ते तुला ओलांडता आलं नाही. म्हणजे आलं, पण फेरीबोटीवर माझी कामाची पाळी नसेल तेव्हाच. फेरीवरची पोरं मला सांगायची, "बोदिल, तुझा भाऊ आज विचारत होता, ती आहे का डेकवर? नसेल तर येतो म्हणाला." मी हसायचे त्यांच्यासमोर.

तर बातमी अशी. सात वर्षांपूर्वी माझ्या मानेवरचा एक काळा तीळ डॉक्टरांनी कापला होता. तुला कळवलं नव्हतं, तेव्हा आपलं बोलणं बंद होऊन दोन वर्षं झाली होती. एकतीस वर्षं फेरीच्या डेकवर उभी राहून तिकिटं तपासली. वरून ऊन, खालून पाण्यावरून उसळणारं ऊन, दोन्ही मानेनं खाल्लं. त्या तिळातला कर्करोग आता परत आला आहे. काखेत एक गाठ, फुप्फुसात चार, यकृतात एक. सहा महिने एक औषध शिरेतून दिलं, त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

आता तू काय म्हणशील ते मला पाठ आहे. "जे व्हायचं ते होऊ द्यावं." आईच्या वेळी हेच म्हणालास. डॉक्टर पोटातली गाठ काढायला तयार होते आणि तू दवाखान्याच्या बोळात उभा राहून त्यांना "नको" म्हणालास. तिला पुरून आल्यावर कॉफीच्या टेबलाशी, पाळकापासून पाव वाटणाऱ्या बायांपर्यंत सगळ्यांसमोर मी तुला विचारलं, "आईला मारून तुला काय मिळालं?" तू टोपी उचललीस आणि गेलास.

मी मात्र होऊ देणार नाही. कोपनहेगनकडच्या एका मोठ्या रुग्णालयात एक उपचार आहे. माझ्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी घेऊन त्यांची फौज उभी करतात. मी नाव दिलं आहे. हे तुला विचारत नाही, सांगते आहे.

बोदिल

फूर बेट, ४ मार्च

लाउस्ट,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं. तरी लिहिते, कारण हे कळल्यापासून कुणाला तरी समजावून सांगायची मला खाज सुटली आहे. शेजारच्या स्वेनिंगला सांगायला जावं तर तो तिसऱ्या वाक्याला घोरतो. बेटावर पंधरा दिवसांनी पुस्तकांची गाडी येते, तिच्यातली या विषयावरची होती नव्हती ती सगळी पुस्तकं मी वाचून काढली. सातवीनंतर शाळा सोडलेली बाई मी, पण लाउस्ट, हा माझाच धंदा निघाला रे!

ऐक. अंगातल्या पेशी आपल्या पोटात काय शिजतंय, त्याचा एकेक तुकडा बाहेर दारावर लावून ठेवतात. तेच त्यांचं तिकीट. टी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी रक्तातून हिंडतात आणि दारोदार जाऊन ती तिकिटं तपासतात. तिकीट खरं असेल तर पुढे. खोटं निघालं, आतमध्ये काही भलतंच चाललेलं दिसलं, तर त्या पेशीला तिथल्या तिथे भोक पाडून मारतात. मी निदान पुढच्या धक्क्यापर्यंत तरी जाऊ देत असे.

आता माझ्या गाठीत काय चाललं आहे? तिथे तपासनीस पोचलेले आहेत, खोटं तिकीट त्यांनी ओळखलेलंही आहे. पण गाठ लबाड. ती त्यांच्या खांद्यावर हात ठेवते आणि म्हणते, "जाऊ दे ना, कशाला उगीच." आणि ते गप्प बसतात. ते सहा महिन्यांचं औषध हा हात झटकण्यासाठी होतं. पण माझे तपासनीस मुळात मूठभर. उन्हाळ्यातल्या रविवारी बोटीवर पर्यटकांची झुंबड आणि तिकिटं बघायला मी एकटी, तसं समज.

म्हणून परवा त्यांनी माझ्या काखेतली गाठ काढली. फेकली नाही. तिचे बारीक तुकडे केले, आत अडकलेले माझे तपासनीस बाहेर काढले, आणि आता प्रयोगशाळेत त्यांना खाऊपिऊ घालून वाढवताहेत. पाच-सहा आठवड्यांत ते कित्येक अब्ज होतील. गाठीच्या तावडीतून सुटल्यावर त्यांना पुन्हा जोम येतो म्हणतात. मला ते फार पटलं.

त्याआधी माझी परीक्षा घेतली. छातीला तारा लावून सायकलवर बसवलं, जागच्या जागी फिरणाऱ्या. डॉक्टर हास्लुंड म्हणून बाई आहेत, चाळिशीच्या, चेहऱ्यावर सदा अपुरी झोप. त्या कागदावर बघत म्हणाल्या, "बोदिल, हा उपचार जड आहे. दोघांत एकाच्या गाठी लहान होतात, पाचांत एकाच्या पुरत्या जातात. बाकीच्यांना हे सगळं सोसून काही मिळत नाही. घरी शांतपणे राहणं हाही एक चांगला निर्णय असतो."

"शांतपणे राहायला मला पुढे भरपूर वेळ मिळणार आहे," मी म्हटलं. "सायकलचा अडसर अजून घट्ट करा, चढ जाणवत नाहीये."

त्या हसल्या. मग विचारलं, "घरी गेल्यावर महिनाभर कोणीतरी रात्रंदिवस तुमच्याजवळ हवं. ताप चढला तर लगेच दवाखाना गाठावा लागतो. तुम्ही तर बेटावर. सोबतीला कोणी नसेल तर आम्ही उपचार सुरूच करत नाही. आहे कोणी?"

"आहेत की माझी माणसं," मी म्हटलं आणि अर्ज भरून दिला.

तुझा कुत्रा अजून जिवंत आहे का? असेल तर त्याला माझा नमस्कार सांग. त्याच्याशी माझं भांडण नाही.

बोदिल

रुग्णालय, १७ एप्रिल

लाउस्ट,

अक्षर बघून घाबरू नकोस, पडल्या पडल्या लिहिते आहे. आता बरीच बरी आहे.

आधी सात दिवस विष दिलं. ते गाठींसाठी नव्हतं. ते माझ्या उरलेल्या जुन्या पांढऱ्या पेशींसाठी होतं. नवी फौज यायची तर आत जागा हवी, त्यांचं अन्न खाणारी तोंडं कमी हवीत. रोज सकाळी रक्त तपासायचे आणि नर्स आकडा सांगायची. सातव्या दिवशी म्हणाली, "शून्य." तो शब्द ऐकून हसावं की रडावं ते कळेना. लाउस्ट, शून्य म्हणजे साधी सर्दीसुद्धा मला घेऊन गेली असती. खोलीत फुलं नाहीत, कच्चं फळ नाही, खिडकी उघडायची नाही. केस गेले. आरशात आजोबाच दिसतात, फक्त मिशा नाहीत.

मग ती पिशवी आली. एवढीशी, पाणी घातलेल्या ताकासारखं काहीतरी आत. दोन माणसांनी माझं नाव आणि जन्मतारीख तीन-तीनदा विचारली. "माझीच पोरं आहेत, ओळखतील मला," मी म्हटलं. अर्ध्या तासात सगळं आत गेलं. बस. मला वाटलं होतं काहीतरी जाणवेल, तोफा तरी सुटतील. नर्सनं चहा विचारला.

तोफा नंतर सुटल्या. त्या पेशींना चेव आणणारं एक औषध देतात. त्यानं मला अशी हुडहुडी भरली की पलंगाची चाकं वाजायला लागली. मालेने म्हणून नर्स आहे, मोठी गोड आणि मोठी हट्टी. ती माझ्यावर गोधड्या टाकत म्हणाली, "बोदिल, थांबवू का औषध? तुम्ही 'थांबा' म्हणालात की थांबवते, त्यात कमीपणा नाही."

"थांबा म्हणणाऱ्यातली मी नाही. अजून द्या."

"दातखीळ बसली आहे आणि तोंड चालूच आहे तुमचं."

"तेच शेवटी बंद होणार आहे," मी म्हटलं.

सहा डोस झाले. सातव्याला डॉक्टरांनीच थांबवलं, माझं मूत्रपिंड कुरकुरायला लागलं होतं. मी भांडले. हरले.

तापात आई आली होती. खुर्चीत बसून विणत होती. मला म्हणाली, "पुरे, बोदिल." मी तोंड भिंतीकडे फिरवलं. दाराआडून ऐकलं होतं तेव्हाही मी हेच—

असो. ताप होता. तापात माणूस काहीही ऐकतो.

बावीस तारखेला मी सत्तर वर्षांची होईन. घरी नसले तरी माझ्या अंगणातला वाढदिवसाचा ध्वज त्या दिवशी चढलाच पाहिजे, असं स्वेनिंगला बजावलं आहे. पलीकडच्या काठावरून कोणी दुर्बिणीतून बघत असेल तर त्याला कळू दे, मी आहे.

बोदिल

रुग्णालय, २३ एप्रिल

लाउस्ट,

काल फोनवर तू "बरं" म्हणालास आणि ठेवलास. नऊ वर्षांनी तुझा आवाज ऐकला आणि तोही दोन अक्षरं. मीही नुसतं "हं" म्हणाले. आपण दोघं एकाच आईची, यात शंका नाही. म्हणून लिहिते.

काय झालं ते मी तिघांकडून तुकड्यातुकड्यानं गोळा केलं आहे. स्वेनिंग सकाळी आठला माझ्या अंगणात गेला, दोरी ओढली, ध्वज अर्ध्यावर गेला आणि त्याचा तो दुखरा खांदा धरला. वर जाईना, खाली येईना. तसाच खुंटीला बांधून तो आपल्या मुलीला बोलवायला गेला. मुलीकडे नुकताच केक निघाला होता. मग काय!

"अगं, एकच तुकडा खाल्ला," तो फोनवर रडकुंडीला येऊन सांगत होता.

"किती वाजेपर्यंत?"

"अकरा."

अर्ध्यावरचा ध्वज म्हणजे घरातलं कुणी गेलं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. आणि तोही दवाखान्यात असलेल्या बाईच्या अंगणात! नऊ वाजता शेजारच्या दोन घरांनीही आपापले ध्वज अर्ध्यावर आणले, सहानुभूती म्हणून. साडेनवाला दाराशी फुलं. दहाला चर्चच्या सेवकानं पाळकाला विचारलं, माझ्या नावाची घंटा आज वाजवायची की उद्या. फेरीवरच्या पोरांनी माझ्या घरासमोरून जाताना टोप्या काढल्या आणि बोट हळू केली, असं ऐकते. एकतीस वर्षांत त्यांनी माझ्यासाठी बोट कधी हळू केली नव्हती.

आणि तू दुर्बिणीला डोळा लावलास.

पुढचं मालेनेनं सांगितलं. मी शपथेवर लिहिते, तिनं जसं सांगितलं तसंच. तू म्हणालास, "मी बोदिलचा भाऊ. तिला न्यायला कधी येऊ?"

ती म्हणाली, "अजून आठ-दहा दिवस तरी नाही सोडणार."

"इतके दिवस ठेवता?"

"हो मग, ताप पुरता उतरायला नको?"

"कुणाचा ताप?"

"बोदिलचा. दुसऱ्या कुणाचा? आत्ता लापशीवरून माझ्याशी भांडून झोपल्यात. आज वाढदिवस आहे ना, म्हणून जास्तच तोरा आहे."

ती सांगते, त्यानंतर फोनमधून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग तिनंच विचारलं, "तुम्हीच ना लाउस्ट? महिनाभर त्यांच्याकडे राहणार आहात ते? अर्जावर तुमचंच नाव आणि नंबर आहे."

आता हे मला लिहावंच लागणार. गाठ काढण्याआधी भरलेल्या त्या अर्जात मी तुझं नाव लिहिलं. तुला न विचारता. घरी सोबतीला कोण, या प्रश्नापुढे दुसरं नावच सुचेना. स्वेनिंगला एक ध्वज धड चढवता येत नाही, आणि बाकीच्यांना मी गेल्या नऊ वर्षांत बोलून बोलून दूर केलं आहे. खोटं लिहिलं नसतं तर मला उपचारच मिळाला नसता. एकतीस वर्षं खोटी तिकिटं पकडली आणि शेवटी मीच एक दाखवून आत शिरले. तू "मला यातलं काही माहीत नाही" म्हणाला असतास, तर तुझं काहीच चुकलं नसतं.

मालेने म्हणते, तू म्हणालास, "हो. मीच तो. काय काय लागेल, लिहून घेतो."

त्याबद्दल मी आभार मानणार नाही. मानले तर तू येणार नाहीस, एवढा मी तुला ओळखते. दोन तारखेला सोडणार आहेत. कुत्र्याला आणायचं नाही, डॉक्टरांची सक्त ताकीद आहे. वाईट मलाही वाटतं.

बोदिल

फूर बेट, ९ जून

लाउस्ट,

एकाच घरात राहून पत्र लिहिते आहे, म्हणजे म्हातारीला वेड लागलं असं म्हणशील. तू खाली धक्क्यावर मासळी आणायला गेला आहेस. आल्यावर हे तुझ्या ताटलीखाली सापडेल. तोंडानं मला जमत नाही. पाच आठवडे रोज ठरवते आणि रोज हवामानावर बोलते.

आधी कालच्या रुग्णालयातल्या तपासणीचं. तू बाहेर गाडीत बसून राहिलास, आत आला नाहीस. तुला भीती वाटली हे मी ओळखलं. येताना मी "ठीक आहे" एवढंच म्हणाले आणि तू पुढे काही विचारलं नाहीस. खरं हे आहे. डॉक्टर हास्लुंडनी जुनं आणि नवं चित्र शेजारी शेजारी लावलं. फुप्फुसातल्या चारांपैकी दोन नाहीत. लहान झाल्या असं नाही, नाहीतच. उरलेल्या दोन वाटाण्याएवढ्या झाल्या आहेत. यकृतातली मात्र होती तेवढीच आहे, केसभरही हललेली नाही.

मी विचारलं, "म्हणजे जिंकले की हरले?"

"म्हणजे तुमच्या पेशी आत कामावर आहेत," त्या म्हणाल्या. "यकृतातल्या गाठीचं मला आज सांगता येत नाही. कधी कधी उशिरा परिणाम दिसतो, कधी दिसत नाही. सप्टेंबरात पुन्हा बघू."

हे मी तुझ्यापासून लपवलं, कारण तुझ्या तोंडून "जे व्हायचं ते" ऐकायला मी तयार नव्हते. पण पाच आठवड्यांत ते वाक्य तू एकदाही बोलला नाहीस. तासातासाला थर्मामीटर घेऊन उभा राहिलास. तेरा मे रोजी एकोणचाळीस अंश ताप चढला, तेव्हा रात्रीची फेरी सुटत असताना तू धक्क्यावरून ओरडलास, "माझी बहीण आहे गाडीत, थांबवा नाहीतर पोहत नेईन!" मी मागच्या सीटवर गोधडीत होते. झोपले नव्हते.

आता दुसरं. यासाठी नऊ वर्षं लागली.

आई जायच्या महिनाभर आधी ती तुझ्याशी स्वयंपाकघरात बोलत होती. तुम्ही दार लावलं होतं. मी बाहेर, कोट काढत होते. तिनं तुला म्हटलं, "मला कापून घ्यायचं नाही. पुरे झालं. बोदिलला सांगू नकोस, ती मला सोडणार नाही. डॉक्टरला तू सांग, माझ्याकडून तिच्यासमोर होणार नाही." आणि तू म्हणालास, "बरं."

मी ऐकलं होतं, लाउस्ट. शब्द न् शब्द. ऐकून पुन्हा कोट घातला आणि धक्क्यावर जाऊन पाळी नसताना तिकिटं तपासली. कॉफीच्या टेबलाशी तुला बोलले, तेव्हाही मला सगळं माहीत होतं. तू एका वाक्यात मला खोटं पाडू शकला असतास. पाडलं नाहीस, कारण तिला शब्द दिला होता. तुझ्या गप्प बसण्याचा मी नऊ वर्षं फायदा घेतला. आई लढली नाही, याचा राग तिच्यावर काढायची माझी हिंमत नव्हती, म्हणून तुझ्यावर काढला. माफ कर असं लिहिणार होते, पण ते फार लहान पडतं.

आईनं "पुरे" म्हटलं ते तिचं होतं. मी "नाही" म्हणते ते माझं आहे. आता मला कळतं, दोन्हीला सारखंच काळीज लागतं. सप्टेंबरात ती यकृतातली गाठ तशीच निघाली तर डॉक्टर दुसरं काहीतरी सुचवतील आणि मी त्यालाही हो म्हणेन, त्याच्या पुढच्यालाही. कंटाळा येईल तुला. पण कधी खरोखर मीच "पुरे" म्हणाले, तापात नाही, शुद्धीवर, तुझ्या डोळ्यांत बघून, तर तेव्हा बोळात जाऊन तूच सांग. मग सगळं बेट तुला काय म्हणेल ते म्हणू दे. तुझ्याइतकं ते कुणाला जमणार नाही.

तो दिवस मात्र आज नाही. आज मला कडकडून भूक लागली आहे. आणि तुझा करार महिन्याचा होता, तो कधीच संपला. तुझी बॅग पाच आठवडे दाराशी भरलेलीच उभी आहे, कपडे तिच्यातूनच काढतोस, तिच्यातच ठेवतोस. सकाळी तू गेल्यावर मी वर जाऊन खिडकीकडच्या खोलीतल्या कपाटाचे दोन खण रिकामे केले. जिना चढताना तीनदा बसले, पण केले. खालचा खण जरा अडकतो, उचलून ओढावा लागतो.

बोदिल